चाळिशीनंतरचे डोळे आणि आपलं ताट



या वेळचा पाठ डोळ्यांचा आहे. पण त्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे. ती लपवून हा पाठ शिकवणं मला बरोबर वाटत नाही.

कामाला लागले त्याचं पहिलं वर्ष होतं. एमएसडब्ल्यू करून नुकतीच आले होते आणि सगळं आपल्याला येतं असं वाटायचं. एका गटाच्या बैठकीत आहाराचा विषय निघाला. मी पटकन सांगून टाकलं, "गाजर खा, डोळे चांगले राहतात. चष्मासुद्धा उतरतो." मोबाईलवर कुठंतरी वाचलं होतं, तेच बोलले आणि पुढच्या गावाला निघून गेले.

त्या गटाच्या सचिव मावशी तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. दहा वर्षं गटाचं इतिवृत्त त्यांच्याच हातचं, अक्षर अगदी मोत्यासारखं. त्यांनी माझं बोलणं मनावर घेतलं. दर आठवडी बाजारातून गाजरं आणायला लागल्या. हंगाम संपला, गाजर महागलं, तरी आणतच राहिल्या. मधे शेजारच्या गावात डोळे तपासणीचं शिबिर झालं. सगळ्या म्हणाल्या चला, पण मावशी गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडमनी सांगितलंय, गाजरानं उतरतंय."

आठ महिन्यांनी गटात भांडण लागलं. एका ताईचा 300 रुपयांचा हप्ता वहीत 800 असा पडला होता, दुसरीचा 800 चा 300. मग कुजबूज सुरू झाली, सचिवबाई हिशोबात गडबड करतात. मावशींनी वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्याच्यानं आता व्हत नाही. शिकलेल्या पोरीला सचिव करा." डोळ्यांत पाणी होतं. वही उघडून बघितली तर अक्षर ओळ सोडून खालीवर गेलेलं. पैशात काहीच खोट नव्हती. मावशींना 3 आणि 8 यांतला फरकच दिसत नव्हता.

तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्या डोळ्यात जास्त. शिवाय जवळचं वाचायचा चष्मा दहा वर्षांपूर्वीच लागायला हवा होता, तोही नव्हता. सरकारी दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पैसे लागले नाहीत. आता मावशी पुन्हा वही लिहितात. मला म्हणाल्या, "गाजरं वाया नाही गेली मॅडम, नातवानं खाल्ली. पण माझं वर्ष गेलं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणून आज दोन गोष्टी वेगवेगळ्या करून शिकू. रोजच्या जेवणानं डोळ्यांचं काय राखलं जातं ही एक. आणि जे जेवणानं कधीच होणार नाही, ज्यासाठी तपासणीलाच जावं लागतं, ती दुसरी.

वय वाढतं तसं डोळ्यात काय होतं?

डोळा म्हणजे एक खोली समजा. पुढं खिडकीची काच आहे, ते आपल्या डोळ्यातलं भिंग. त्यातून उजेड आत येतो आणि मागच्या भिंतीवर पडतो. ती भिंत म्हणजे डोळ्याचा पडदा. पडद्यावर जे उमटतं त्याची खबर एक जाड नस मेंदूकडं पोचवते. वयानुसार या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे बिघाड होतात.

चाळिशी: वयाच्या चाळिशीच्या आसपास भिंग ताठर व्हायला लागतं. जवळचं बघायला त्याला नीट फुगता येत नाही. सुई ओवता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, पासबुक हात लांब करून वाचावं लागतं. म्हणून तर त्या चष्म्यालाच आपण "चाळिशी" म्हणतो. हा आजार नाही, वय आहे. याला साधा चष्मा हाच उपाय.

मोतीबिंदू: भिंग गढूळ होतं, म्हणजे खिडकीची काच दुधी झाल्यासारखं. धूसर दिसतं, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फाकतो, रंग फिके वाटतात. आपल्या देशात पन्नाशीच्या पुढच्या लोकांत अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. 2015 ते 2019 या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अशा अंध व्यक्तींपैकी जवळजवळ 66 टक्के मोतीबिंदूमुळं अंध झालेल्या आढळल्या. म्हणजे शंभरातल्या सहासष्ट जणांची नजर ऑपरेशननं परत येण्यासारखी होती.

पडद्याची झीज: पडद्याच्या अगदी मधोमध एक बारीक जागा असते. वाचणं, चेहरा ओळखणं, सुई ओवणं ही सगळी बारीक कामं त्या जागेवर चालतात. म्हातारपणी काहींची ती जागा झिजते. मग कडेचं दिसतं, पण मधलं दिसत नाही.

काचबिंदू: यात डोळ्याची नस मरत जाते. बहुतेकांना दुखत नाही, कळतही नाही. गेलेली नजर परत येत नाही.

साखरेचा डोळा: मधुमेह असेल तर पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन पाझरतात. सुरुवातीला यातही काही जाणवत नाही.

आता प्रश्न असा की यातलं अन्नाच्या हातात किती? चाळिशी अजिबात नाही. काचबिंदूवर अन्न हा उपचार नाही. मोतीबिंदू आणि पडद्याची झीज पुढं ढकलायला चांगलं जेवण मदत करतं, पण झालेला मोतीबिंदू कोणत्याही खाण्यानं विरघळत नाही. आणि साखरेच्या डोळ्याचं बरंचसं आपण काय आणि किती खातो यावर अवलंबून असतं.

गाजराचं खरं काय?

गाजर वाईट नाही. गाजरात जो केशरी रंग असतो त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. अंधुक उजेडात दिसण्यासाठी पडद्याला अ जीवनसत्त्व लागतंच. ते फार कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात, लहान मुलांची तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळांना त्याचा डोस देतात.

पण शरीर हे जीवनसत्त्व यकृतात साठवून ठेवतं. कणगी भरलेली असेल तर वरून आणखी धान्य ओतून काय उपयोग? ज्याला अ जीवनसत्त्व कमी नाही त्यानं रोज किलोभर गाजर खाल्लं तरी नजर वाढत नाही आणि चष्म्याचा नंबरही उतरत नाही.

आणखी एक. पन्नाशीच्या पुढच्या बाईला रात्रीचं कमी दिसायला लागलं की घरातले म्हणतात, "रातांधळं झालं, गाजर खाऊ घाला." या वयात रात्रीचं कमी दिसण्यामागं मोतीबिंदू असण्याची शक्यता मोठी असते. तिला तपासणीला न्या. गाजर वाटेत खाल्लं तरी चालेल.

हिरव्या पानात लपलेला पिवळा रंग

आता मुद्द्याची गोष्ट. पडद्याच्या त्या मधल्या जागेला निसर्गानं पिवळा रंग दिलेला आहे. भर उन्हात आपण डोळ्यांवर हात धरतो ना, तसं हा पिवळा रंग तिखट उजेडापासून त्या नाजूक जागेचं रक्षण करतो. ल्युटीन आणि झियाझॅन्थिन अशी त्या रंगाची नावं आहेत. नावं पाठ करू नका, एवढंच ध्यानात ठेवा की आपलं शरीर हा रंग स्वतः बनवू शकत नाही. तो ताटातूनच यावा लागतो.

कुठून येतो? सगळ्यात जास्त गर्द हिरव्या पालेभाजीतून. तुम्ही म्हणाल, रंग पिवळा आणि भाजी हिरवी कशी? मेथीची जुडी दोन दिवस तशीच राहिली की पानं पिवळी पडतात. तो पिवळा रंग नवीन आलेला नसतो. तो पानात पहिल्यापासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. हिरवा उडाला की दिसतो. (म्हणून पिवळी पडलेली मेथी खायची असं नाही हं, ताजीच खायची.)

आपल्या मराठवाड्यात या भाज्यांची काय कमी आहे? मेथी, पालक, तांदुळजा, चाकवत, राजगिरा, अंबाडी, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा शेंडा. पावसाळ्यात बांधावर उगवणारी घोळ आणि कुरडू. रब्बीच्या रानात भाकरीबरोबर कच्ची खातो ती पाथर. आणि शेवग्याचा पाला. शेंगा आपण बाजारात विकतो आणि पाला शेळीपुढं टाकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं देशातल्या अन्नपदार्थांची जी तपासणी केली आहे, तिच्यात अ जीवनसत्त्वाच्या रंगाच्या बाबतीत शेवग्याचा पाला पालकाच्या कितीतरी पुढं आहे. शेळी आपल्यापेक्षा हुशार निघाली.

हाच पिवळा रंग पिवळ्या मक्यात आणि अंड्याच्या बलकात असतो. रानात फिरून पाला टिपणाऱ्या गावरान कोंबडीच्या अंड्याचा बलक गर्द पिवळा असतो, त्यामागं हेच कारण. बलकातल्या चरबीमुळं तो रंग आपल्या अंगी लवकर लागतो. ज्यांच्याकडं अंडं चालतं त्यांनी बलक टाकून देऊ नका.

बाकीचे सोबती

पेरू, आवळा, लिंबू: यांत क जीवनसत्त्व असतं. डोळ्यातल्या भिंगाभोवती जे पाणी असतं त्यात रक्तापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व भरलेलं असतं. भिंगाला त्याची गरज आहे हे त्यावरूनच कळतं. महागडी फळं आणायची गरज नाही. पेरूमध्ये संत्र्याच्या सुमारे चौपट क जीवनसत्त्व असतं. लिंबू पिळायचं ते भाजी चुलीवरून उतरल्यावर, कारण उष्णतेनं हे जीवनसत्त्व उडतं.

लाल भोपळा, पिकलेली पपई, आंबा, गाजर: केशरी रंगाची फळं-भाज्या अ जीवनसत्त्वासाठी. रताळं आतून केशरी असेल तर त्यातही हा रंग भरपूर, पांढऱ्या रताळ्यात मात्र फारसा नसतो. साखर असणाऱ्यांनी आंब्याची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

शेंगदाणे, करडई आणि सूर्यफुलाचं तेल: यांत ई जीवनसत्त्व असतं. पेशींची झीज रोखायच्या कामात ते उपयोगी पडतं.

डाळी, हरभरा, तीळ, दूध, अंडी, मटण: यांतून जस्त नावाचं खनिज मिळतं. यकृतात साठवलेलं अ जीवनसत्त्व बाहेर काढून डोळ्यापर्यंत पोचवायला जस्त लागतं. कणगीत धान्य आहे पण काढायला माप नाही, असं व्हायला नको.

मासे: ज्यांच्याकडं चालतात त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा खावेत. मासे न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी सोडू नये.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर लातूर-धाराशिवकडच्या बायकांनी वेळ अमावस्या आठवा. भज्जीत ओला हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या, शेंगदाणे काय काय असतं! आपल्या आज्या पोषणाचं पुस्तक वाचायला गेल्या नव्हत्या. पण ती भज्जी वर्षातून एकदाच होते, आणि डोळ्याला रोज लागतं.

शिजवताना एवढं सांभाळा

1. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं.

2. पालेभाजी उकडून पाणी फेकू नका. ते पाणी वरणात किंवा पिठात घाला.

3. हिरवा रंग टिकावा म्हणून खायचा सोडा घालू नका.

4. झाकण ठेवून, थोडा वेळच शिजवा.

5. फोडणीला चमचा-दोन चमचे तेल घालाच, किंवा वरून शेंगदाण्याचा कूट. हे पिवळे-केशरी रंग तेलाशिवाय अंगी लागत नाहीत. पण तेलाचा तवंग यायची गरज नाही.

6. शेवग्याचा पाला किंवा मेथी वाळवून ठेवायची असेल तर सावलीत वाळवा. कडक उन्हात पाला वाळतो खरा, पण रंगाबरोबर गुणही उडतो. सावलीत वाळलेला पाला चुरून धपाट्यात, पिठल्यात, वरणात टाकता येतो. घरात कुणाला कळतही नाही.

ज्यांना रक्त पातळ करण्याची गोळी सुरू आहे किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी पालेभाजी एकदम वाढवू किंवा सोडू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.

ही भाजी कुणाच्या ताटात जाते?

तायांनो, आता तुमच्यावर जरा रागावणार आहे. एका बैठकीत मी विचारलं, "काल रात्री घरात मेथी केली होती असं किती जणी?" वीस जणींत नऊ हात वर. मग विचारलं, "तुमच्या स्वतःच्या ताटात किती आली?" आधी हसल्या, मग गप्प झाल्या. एक ताई म्हणाल्या, "कढई पुसून भाकरीला लावली."

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्याप्रमाणं मोठ्या माणसाच्या रोजच्या ताटात सगळ्या मिळून 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं असावीत. आता आपला हिशोब करू. बाजारातल्या जुडीची निवडून पाव किलोच्या आसपास भाजी निघाली असं धरा. घरात पाच माणसं. सारखी वाटली तरी प्रत्येकाला 50 ग्रॅम. आणि आपण सारखी वाटत नाही. धन्याला, सासऱ्याला, पोरांना वाढून उरलं तर आपल्याला. सचिव मावशींच्या घरी तेच होतं. गाजर नातवानं खाल्लं असं त्या हसून म्हणाल्या खऱ्या, पण मला त्यात हसू आलं नाही.

शिवणकाम, निवडणं-पाखडणं, खुरपणी, गटाची वही, नातवंडांचा अभ्यास. बारीक नजरेची सगळी कामं घरात बाईकडं आणि डोळ्यांचं अन्न बाईच्या ताटात शेवटी. हे बदलायला सरकारी योजना लागत नाही. भाजी झाली की आधी एक वाटी आपली बाजूला काढून ठेवा. लाजायचं कारण नाही. घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंची वाटीही त्याबरोबरच काढा, दात नसतील तर भाजी घोटून पातळ करून द्या.

जुडी विकत आणणं परवडत नसेल तर परसबाग आहेच. न्हाणीचं पाणी जातं तिथं शेवग्याचं एक झाड, दोन वाफे मेथी-तांदुळजा, आणि जागा असेल तर एक पपई. आठवड्याचं साधं गणित असं बसवता येईल:

सोमवार: मेथी आणि भाकरी, लिंबू.
मंगळवार: वरणात मूठभर शेवग्याचा पाला.
बुधवार: लाल भोपळा, जवसाची चटणी.
गुरुवार: तांदुळजा किंवा चाकवताची पातळ भाजी शेंगदाणे घालून.
शुक्रवार: शेवग्याच्या पाल्याचे धपाटे, दही.
शनिवार: पालकाची डाळभाजी, पेरू.
रविवार: अंडं किंवा मासे चालत असतील तर ते, नाहीतर मोड आलेली मटकी, सोबत कोशिंबीर.

डोळ्यांच्या गोळ्या आणि पावडरी

गावात कुणीतरी पिशवी घेऊन येतं, "ही पावडर तीन महिने घ्या, मोतीबिंदू विरघळतो," म्हणून सांगतं. गटातून कर्ज काढून असलं काही घेऊ नका.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेनं यावर मोठा अभ्यास केला आहे. 2001 साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांच्या पडद्याची झीज आधीच मध्यम अवस्थेत पोचली होती, त्यांना जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या जास्त मात्रेच्या गोळ्या दिल्यावर झीज गंभीर होण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच गोळ्यांनी मोतीबिंदू थांबला नाही. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला झीज होऊच नये म्हणून त्या गोळ्या उपयोगी पडतात असंही दिसलं नाही. पुढं 2013 साली त्याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासानंतर गोळीतला गाजराचा रंग काढून त्या जागी पालेभाजीतला पिवळा रंग घातला. कारण गाजराच्या रंगाच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. जेवणातल्या गाजराला हे लागू नाही, ते गोळ्यांपुरतं आहे.

म्हणजे गोळी हे औषध आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघून सांगितली तरच घ्यायची. आणि डोळ्यात मध, कांद्याचा रस, एरंडेल, अंगावरचं दूध असं काहीही घालायचं नाही. त्यानं जखम आणि जंतुसंसर्ग होतो.

ताटाबाहेरचंही थोडं

मिश्री: तंबाखू ओढणाऱ्यांत मोतीबिंदू आणि पडद्याची झीज दोन्ही जास्त होतात, हे पक्कं ठाऊक आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. पालेभाजी खायची आणि वर मिश्री लावायची, यानं एका हातानं कमावून दुसऱ्या हातानं उधळल्यासारखं होतं.

धूर: चुलीचा धूर आणि बायकांतला मोतीबिंदू यांचा संबंध आपल्याकडच्या अभ्यासांत दिसला आहे. गॅस असेल तर वापरा. नसेल तर चूल उघड्या हवेत किंवा खिडकीजवळ घ्या.

ऊन: रानात डोक्यावर पदर पुढं ओढून घ्या, किंवा काठाची टोपी घाला. ऊन थेट डोळ्यात जाऊ देऊ नका.

साखर आणि बीपी: चहात साखर कमी, भाताचा ढीग कमी, ज्वारीची भाकरी आणि भाजी जास्त. गोळी वेळेवर. साखर असलेल्या प्रत्येक बाईनं वर्षातून एकदा डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासून घ्यायचाच, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

घरच्या घरी तपासा, मग दवाखाना गाठा

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा खराब डोळ्याची उणीव झाकतो. सचिव मावशींचंही तसंच झालं होतं. म्हणून महिन्यातून एकदा हे करा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा पावलं लांब उभ्या राहा. एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका. मोठे आकडे दिसतात का? मग दुसरा डोळा झाका. दोन डोळ्यांत फरक वाटला तर लिहून ठेवा. तसंच एकेका डोळ्यानं दाराच्या चौकटीकडं बघा. चौकट सरळ असून वाकडी किंवा लाटेसारखी दिसली, किंवा मधे काळा डाग आला, तर पडदा तपासायची वेळ झाली.

अचानक दिसेनासं होणं, डोळा लाल होऊन खूप दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसून डोकं दुखणं आणि उलटी होणं, डोळ्यापुढं पडदा ओढल्यासारखं होणं किंवा विजा चमकणं, यांत एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना.

त्रास नसला तरी चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी डोळे तपासावेत. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, डोळे तपासणारे कोणत्या दिवशी येतात ते कळेल. 1976 पासून आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. "अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू," हे जुनं झालं. कामाला अडचण व्हायला लागली की काढता येतो. उलट जास्त पिकू दिला तर ऑपरेशन अवघड होतं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

1. प्रत्येकीनं घरातलं एक पान आणायचं: शेवगा, मेथी, घोळ, काहीही. कुणाच्या बांधावर काय उगवतं याची यादी करून वहीत लावा.

2. वहीतली एक ओळ प्रत्येकीनं एकेका डोळ्यानं वाचायची. जिला वाचता येत नाही तिनं आकडे ओळखायचे, किंवा सुई ओवून बघायची. जिला अडचण आली तिचं नाव तपासणीच्या यादीत. हसायचं नाही, चिडवायचं नाही.

3. यादीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी तपासणीला जायचं. सोबत असली की भीती कमी होते आणि गाडीभाडं वाटून जातं.

4. चर्चेचे प्रश्न: काल आपल्या घरात पालेभाजी झाली का? आपल्या ताटात किती आली? घरात पन्नाशीच्या पुढं कोण आहे आणि त्यांचे डोळे शेवटचे कधी तपासले?

आपल्या गटात कुणी बैठकीला यायचं टाळत असेल, सही करायला कचरत असेल, हिशोबाची जबाबदारी सोडू म्हणत असेल, तर लगेच तिच्या नियतीवर शंका घेऊ नका. आधी विचारा, "मावशी, दिसतंय ना नीट?" हा प्रश्न मी आठ महिने उशिरा विचारला.

सचिव मावशींचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. परवा त्यांच्या घरी गेले तर दारातल्या शेवग्याचा पाला खुडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा नातवाला नाही. आज पहिली वाटी माझी."

तुमचीच ताई,
क्षेत्र समन्वयक